मंडई बांधणेबाबत

निविदा सूचना वर्तमानपत्रात छापलीच पाहिजे, असा नियम आहे. ती वाचता आली पाहिजे, असा नियम नाही. त्यामुळे आमच्या गावच्या नगरपालिकेची सूचना नेहमी श्रद्धांजलीच्या चौकटींखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत येते. ती भिंगातून वाचणारी माणसं गावात दोनच. एक, ज्याला काम मिळायचं आहे तो. आणि दुसरा, ज्याला ते त्याला मिळू द्यायचं नाही तो. यंदा त्यांत तिसरा मी. कारण माझ्या मेहुण्याला भाजी मंडई बांधायची होती.

मेहुणा लहानसहान कामं घेतो. गटारावरचे ढापे, स्मशानभूमीचं कुंपण, शाळेतल्या मुताऱ्यांच्या फरश्या. पण ‘जुनी भाजी मंडई बांधा-वापरा-हस्तांतरित करा तत्त्वावर विकसित करणे’ हे वाचलं आणि त्याला झोप लागेना. मग त्यानं माझी उडवायचं ठरवलं. कमरेत वाकून, दोन हातांत कागदांचा गठ्ठा घेऊन तो दारात उभा राहिला.

“दाजी, तुम्ही मराठीचे मास्तर. एवढं जरा वाचून सांगा.”

“मराठीत आहे?”

“अर्धं मराठीत आहे. अर्धं इंग्रजीत आहे. मला दोन्ही सारखंच कळतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे कळत नाही.”

बायको आतून म्हणाली, “अहो, वाचा की! नाहीतरी दुपारी पुस्तक तोंडावरच असतं तुमच्या.” सासरच्या माणसापुढे इतकी स्तुती झाल्यावर मला नाही म्हणता येईना.

मंडईविषयी थोडं सांगायला हवं. तिचं छप्पर इतकं गळतं, की पावसाळ्यात कोथिंबीर धुऊनच मिळते. गाळे नगरपालिकेचे. १९६५च्या नगरपरिषद कायद्याच्या मूळ कलम ९२ प्रमाणे नगरपालिकेला आपली स्थावर मालमत्ता शासनाच्या मंजुरीशिवाय कुणाच्या हवाली करता येत नाही. भाडेपट्ट्यानं द्यायची तर तीन वर्षं. वरून परवानगी आणून नूतनीकरण केलं तरी सगळी मिळून नऊ. आमच्या मंडईत हे अगदी काटेकोर पाळलं जातं. पहिल्या पिढीनं तीन वर्षं घेतली, दुसरीनं तीन घेतली, आता तिसरी घेते आहे. मधली वर्षं कुणी मोजलेली नाहीत. गाळा नंबर चारच्या मालकीणबाईंना मी एकदा विचारलं, “तुमचा करार कधीपर्यंत आहे हो?” त्या म्हणाल्या, “सासूबाईंना विचारायला हवं होतं.” सासूबाई भिंतीवर हार घालून बसल्या होत्या.

अशा मालमत्तेचा विकास करायचा म्हणजे काय? तर नगरपालिकेकडे जागा असते, पैसा नसतो. विकासकाकडे पैसा असतो (असं त्याच्या सीएचा दाखला म्हणतो), जागा नसते. विकासकानं स्वखर्चानं खाली मंडई, वर दुकानं, त्यावर हॉल बांधायचा. दुकानांचं भाडं ठराविक वर्षं खायचं. आणि मग सगळी इमारत नगरपालिकेला परत द्यायची. बांधा, वापरा, हस्तांतरित करा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी महाराष्ट्रात सर्वत्र उत्साहानं होतात.

पहिली अडचण आली ती दराची. मेहुण्याचा सगळा जन्म ‘बिलो’ टाकण्यात गेलेला. गटाराचं अंदाजपत्रक निघालं, की बावीस टक्के बिलो. समोरच्यानं पंचवीस टाकले असतील अशी शंका आली, की अठ्ठावीस. सगळ्यांत कमी दर त्याचा, म्हणून काम त्याचं. एके काळी लोक चाळीस टक्क्यांपर्यंत बिलो जात, आणि बांधलेला रस्ताही मग चाळीस टक्के बिलोच होई. तेव्हा सरकारनं नियम केला, की फार खाली जाल तर जादा सुरक्षा अनामत भरा. असो. सवयीप्रमाणे मेहुणा निविदा शाखेत जाऊन म्हणाला, “मंडईला वीस टक्के बिलो टाकतो.”

हेडक्लार्कनी चष्मा वर केला.

“कशाच्या बिलो?”

“तुमच्या दराच्या.”

“अहो, इथे नगरपालिका तुम्हाला पैसे देत नाही. तुम्ही नगरपालिकेला द्यायचे. जो जास्त अधिमूल्य देईल त्याला काम.”

“मी पैसे द्यायचे?”

“हो.”

“आणि बांधायचंही मीच?”

“हो.”

“मग नगरपालिका काय करणार?”

“देखरेख,” हेडक्लार्क म्हणाले.

घरी आल्यावर मी गठ्ठा उघडला. दोनेकशे पानं. पहिली काही पानं वाचली आणि मला एक साक्षात्कार झाला. यातली एकही अट कुणी बसल्या बसल्या सुचली म्हणून लिहिलेली नाही. प्रत्येक अटीच्या जागी पूर्वी एक हुशार माणूस होऊन गेलेला आहे. ‘बयाणा रक्कम धनादेशाने स्वीकारली जाणार नाही’: इथे एक चेक न वटता परत गेला. ‘देकार अंकी व अक्षरी लिहावा’: इथे एकानं अंकात आठ आणि अक्षरात तीन लिहून, निकाल लागल्यावर सोयीचा आकडा दाखवला. ‘खाडाखोड असलेली निविदा रद्द समजण्यात येईल’: इथे व्हाइटनरची बाटली संपली. ‘निविदाधारक काळ्या यादीत नसल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे’: इथे एक काळ्या यादीतला आला. ‘त्याचे भागीदार, संचालक वा संलग्न संस्थाही काळ्या यादीत नसाव्यात’: इथे तोच बायकोच्या नावानं पुन्हा आला. गावोगावी थोर माणसांचे पुतळे असतात. पण नगरपालिकेला ज्यांनी खरं शहाणं केलं, त्या या मंडळींचं स्मारक म्हणजे निविदा प्रपत्र. फक्त खाली नावं लिहिलेली नाहीत, आणि त्यांतले काही अजून निविदा भरतात.

एक अट तर थेट कायद्यातच आहे. नगरसेवकाचा नगरपालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर त्याचं पद जातं. ही तरतूद फार प्रभावी ठरली. तिच्यामुळे आमच्या गावात नगरसेवकांचे भाचे अतिशय कर्तबगार निघाले.

दुसरा नियम पैशांच्या मर्यादेचा. राज्यात बरीच वर्षं तीन लाखांवरच्या कामाला ई-निविदा सक्तीची होती. नियम झाला आणि गावातला लांबलचक रस्ता एकाएकी तुकड्यांत दिसू लागला. मारुतीच्या देवळापासून पानटपरीपर्यंत एक काम, पानटपरीपासून पिंपळापर्यंत दुसरं, पिंपळापासून पुढच्या पानटपरीपर्यंत तिसरं. प्रत्येकाचं अंदाजपत्रक दोन लाख नव्व्याण्णव हजार आणि काही शे. डांबराचा भाव चढला तरी हा आकडा हलत नसे; फक्त पानटपऱ्या एकमेकींच्या जवळ सरकत. मंडईचे असे तुकडे पाडता येतील का, हे मेहुण्यानं चौकशी करून पाहिलं. “वांगी विभाग वेगळा, पालेभाजी विभाग वेगळा,” तो म्हणाला. पण छप्पर एकच असल्यानं ते जमलं नाही.

मग पात्रता. ‘निविदाधारकास समान स्वरूपाचे काम पूर्ण केल्याचा अनुभव असावा.’ म्हणजे मंडई बांधायला आधी मंडई बांधलेली हवी. पहिली मंडई कुणी आणि कशी बांधली, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. निविदा शाखा त्यात पडत नाही. मेहुण्यानं स्मशानभूमीच्या शेडचा दाखला काढला.

“दाजी, हे समान स्वरूपाचंच आहे. खाली ओटे, वर पत्रे.”

मी म्हटलं, “हे छाननी समितीला सांगू नकोस. तिथे भाजी घेणारे लोक आहेत.”

अनुभवाच्या या अटीनं भल्याभल्यांची फजिती केली आहे. मुंबई विमानतळावर एक दुय्यम दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायला द्यायचे होते. विमानतळ प्राधिकरणानं निविदा मागवल्या आणि अट घातली, की अर्जदार ‘नोंदणीकृत दुय्यम दर्जाचा हॉटेलवाला’ असावा, पाच वर्षांच्या अनुभवाचा. काम मिळालं ते कॅन्टीन चालवणाऱ्या एकाला. अनुभव होता, पण दुय्यम दर्जा नव्हता! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७९ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या न्यायपीठानं रमण्णा शेट्टी खटल्यात निकाल दिला, की सरकारनं स्वतः जी अट लिहिली ती सरकारवरही बंधनकारक आहे. मनाला येईल तेव्हा ती गुंडाळता येणार नाही. आजही निविदेचा कुठलाही दावा उघडा, त्यात हा खटला असतोच. गंमत पुढेच आहे. अट मोडली हे मान्य झालं, पण तक्रार करणारा कित्येक महिने उशिरा आला होता, आणि तोवर कॅन्टीनवाल्यानं मांडणीवर सव्वा लाख रुपये घातले होते. म्हणून त्याचं काम काढून घेतलं नाही. थोडक्यात, देशाला तत्त्व मिळालं, कॅन्टीनवाल्याला रेस्टॉरंट मिळालं, आणि तक्रारदाराला आपलं नाव कायद्याच्या पुस्तकांत मिळालं. सर्वांचं समाधान करणारी निविदा मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

यानंतर आली निविदापूर्व बैठक. निविदा भरू इच्छिणाऱ्यांच्या शंकांचं निरसन व्हावं म्हणून ती घेतात. सभागृहात पंखे होते, शंका होत्या, निरसन तेवढं आलं नव्हतं. मी मेहुण्याचा ‘तांत्रिक सल्लागार’ म्हणून मागच्या रांगेत बसलो होतो.

एका विकासकानं विचारलं, “बांधकाम चालू असताना आत्ताचे भाजीवाले बसणार कुठे?”

“त्यांच्या तात्पुरत्या स्थलांतराची सोय विकासकानं करायची आहे.”

“पण कुठे?”

“निविदेतील अटीनुसार.”

“अटीत काय लिहिलंय?”

साहेबांनी पान उलटलं. “योग्य जागी.”

“योग्य जागा कोण ठरवणार?”

“सक्षम प्राधिकारी.”

“ते कोण?”

साहेबांनी डावीकडे पाहिलं, डावीकडच्यांनी उजवीकडे पाहिलं, आणि उजवीकडच्यांनी शिपायाकडे पाहून चहा सांगितला. इतिवृत्तात लिहिलं गेलं: ‘सर्व शंकांचे निरसन करण्यात आले.’

आता फक्त जागेची पाहणी केल्याचा दाखला हवा होता. ज्या मंडईत मेहुणा लहानपणापासून पिशवी घेऊन जातो, ती त्यानं पाहिली आहे, असं उपअभियंत्यांच्या सहीनिशी सिद्ध करायचं. उपअभियंता कार्यालयात नसत. ‘साइटवर आहेत,’ असं शिपाई सांगे. साइटवर गेलं, की ‘आत्ताच ऑफिसात गेले.’ अखेर एका सकाळी ते आम्हाला खुद्द मंडईतच सापडले. वांगी निवडत होते.

मेहुणा धावला. “साहेब, जागेची पाहणी केली. दाखला द्या.”

“मी तुम्हाला पाहणी करताना पाहिलेलं नाही.”

“आत्ता पाहताय ना?”

“आत्ता मी रजेवर आहे.”

“मग रजा संपल्यावर या जागेवर पुन्हा येऊ?”

“रजा संपल्यावर मी मंडईत कशाला येईन?” साहेबांनी भरताची दोन वांगी ठोकून पाहिली आणि म्हणाले, “तुमच्या नव्या मंडईत पार्किंग ठेवा बरं का.”

दाखला मिळाला तो त्याच्या पुढच्या आठवड्यात, आणि तोही भलत्याच प्लॉटचा. तो दुरुस्त करून आणेपर्यंत मेहुण्याला मंडईचा गट क्रमांक, चतुःसीमा आणि उपअभियंत्यांचं मूळ गाव पाठ झालं.

पूर्वी निविदा लाखेनं बंद केलेल्या पाकिटातून यायच्या. ते सीलबंद पाकीट म्हणजे लग्नातल्या आहेराचं पाकीट. आत किती आहे ते देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि मांडवातल्या निम्म्या लोकांना आधीच ठाऊक. हे बंद व्हावं म्हणून सगळं संगणकावर गेलं. आता दोन लिफाफे. लिफाफा क्रमांक एकमध्ये कागदपत्रं, दोनमध्ये देकार. पहिल्यात पास झालात तरच दुसरा उघडायचा. दोन्ही लिफाफे प्रत्यक्षात नसतातच, तरी त्यांना लिफाफाच म्हणतात आणि ते ‘फोडतात’सुद्धा. सही डोळ्यांना दिसत नाही; ती एका डोंगलमध्ये असते. डोंगल मेहुण्याचं, पासवर्ड त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचा, आणि वाढदिवस कोणत्या तारखेला ते त्याला माहीत नाही. बहिणीला फोन करून विचारावं लागलं. त्यावरून घरात जे झालं ते निविदेच्या कार्यकक्षेबाहेरचं आहे.

गावात संगणकावर निविदा भरणारं दुकान एकच आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड आणि ई-टेंडर. दुकानदाराच्या खणात सगळ्या ठेकेदारांची डोंगलं एका ओळीत ठेवलेली, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी चिकटवलेली. एकमेकांशी गुप्तपणे स्पर्धा करणारे सगळे एकाच बाकावर नंबर लावून बसले होते.

“आमचा देकार गुप्त राहील ना?” मी दुकानदाराला विचारलं.

“गुरुजी, माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर जाणार नाही,” तो म्हणाला आणि आत हाक मारली, “पक्या, मंडईचा दुसरा आकडा कितीचा होता रे?”

हे फक्त आमच्या गावात चालतं, असा माझा समज होता. पण मोठ्या शहरांनीही आम्हाला एकटं पाडलेलं नाही. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून उतरलेल्या काही कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगानं २०१८ मध्ये संगनमताबद्दल दंड केला. पुराव्यांत एक पुरावा असा होता, की प्रतिस्पर्ध्यांच्या बोली एकाच आयपी पत्त्यावरून भरलेल्या होत्या. इतक्या चुरशीची स्पर्धा, आणि संगणक एक! निदान माउस तरी आळीपाळीनं धरला असेल.

शेवटचा दिवस, दुपारी तीनची वेळ. पावणेतीनला वीज गेली. इन्व्हर्टरवर संगणक चालू झाला तेव्हा संकेतस्थळ चक्राकार फिरत होतं. बाकावरचे सगळे प्रतिस्पर्धी एकदिलानं मोबाइलचा हॉटस्पॉट देऊ लागले. इतकी सहकाराची भावना मी साखर कारखान्याच्या सभेतही पाहिलेली नाही. तीन वाजता फक्त एकच निविदा दाखल झाली होती. ती मेहुण्याची नव्हती.

पण घाबरण्याचं कारण नसतं. पहिल्या मागणीला तीनपेक्षा कमी निविदा आल्या, की स्पर्धा झाली नाही असं धरतात आणि मुदतवाढ देतात. मग शुद्धिपत्रक निघतं. शुद्धिपत्रकात पहिल्या सूचनेतल्या चुका दुरुस्त करून नव्या घालतात. त्यानंतर दुसरी मागणी, मग तिसरी. थकून-भागून शेवटी एकट्यादुकट्याचा विचार होतो. याला दिरंगाई म्हणणं बरोबर नाही. धारावीच्या पुनर्विकासाची २०१८ मध्ये मागवलेली निविदा २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये नव्यानं मागवली. मग कोर्टकचेऱ्या आल्याच. एवढ्या मोठ्या धारावीला जे लागतं ते आमच्या इवल्याशा मंडईला लागू नये, हा तिचा अपमान ठरला असता.

दुसऱ्या मागणीत मेहुण्यानं आदल्या रात्रीच निविदा भरली. तांत्रिक लिफाफा उघडला. स्मशानभूमीच्या शेडबद्दल कुणी ब्र काढला नाही. उलाढाल बसली, बयाणा बसला, प्रतिज्ञापत्रं बसली. आणि निविदा अपात्र झाली. कारण: ‘जोडलेल्या कागदपत्रांना पृष्ठ क्रमांक नाहीत.’

मेहुणा हेडक्लार्कसमोर उभा राहिला. “साहेब, संगणकावर पानं आपोआप एकामागून एक येतात. पृष्ठ क्रमांक कशाला?”

“पूर्वी एकानं मधलं पान काढून घेतलं होतं.”

“संगणकातून?”

“नाही, फायलीतून.”

“मग आता?”

“आता अट आहे,” हेडक्लार्क शांतपणे म्हणाले. स्मारक कधी पाडत नाहीत.

त्या रात्री मेहुणा आमच्याकडे जेवायला होता. दोन भाकऱ्यांनंतर त्याला कंठ फुटला. “दाजी, ही निविदाबिविदा सगळी थेरं आहेत. सरळ एखाद्या चांगल्या माणसाला बोलवावं, हात मिळवावा आणि काम द्यावं.”

“चांगला माणूस कोण ठरवणार?”

“त्यात काय ठरवायचं? गावात चांगली माणसं नाहीत का? आता मीच...” एवढं बोलून तो वांग्याच्या भरताकडे वळला.

मी त्याला लखनौची गोष्ट सांगितली. तिथे अमीनाबादेत झंडेवाला पार्क नावाची जुनी बाग. तिथल्या महापालिकेनंही सरळ एका बिल्डरशी हात मिळवला. निविदा नाही, जाहिरात नाही, चारचौघांत पुकारा नाही. १९९३ मध्ये करार केला आणि बागेच्या पोटात तळघरी दुकानांचं संकुल खोदायला घेतलं. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ मध्ये निकाल लागला: संकुल पाडा आणि बाग होती तशी करून द्या. पाडायचं कामही त्याच महापालिकेच्या गळ्यात पडलं.

“म्हणजे निविदा काढली असती तर बांधकाम वाचलं असतं?” मेहुण्यानं विचारलं.

“निविदा काढली असती तर बहुधा अजून दुसरी मुदतवाढ चालू असती. बाग आपोआपच वाचली असती.”

हे ऐकून त्याला जरा बरं वाटलं. मलाही. निविदेच्या नियमांचा हा एक मोठा उपयोग लोक विसरतात: ते चांगली कामं लांबवतात हे खरं, पण वाईट कामंही तितक्याच निःपक्षपातीपणे लांबवतात.

तसं पाहिलं तर हा खटाटोप आजचा नाही. कौटिल्यानं अर्थशास्त्रात घरजमीन विकायची रीत घालून दिली आहे. चाळीस शेजारी कुटुंबांच्या देखत, घरासमोर, किंमत तीन वेळा पुकारायची. कुणाची हरकत नसेल तर घेणाऱ्याला द्यायचं. चढाओढीनं किंमत वाढली, तर वाढलेली रक्कम शुल्कासकट राजाच्या कोशात. म्हणजे तीन मागण्या कौटिल्याच्या वेळीही होत्या. पण त्याच्या चाळीस शेजाऱ्यांत कुणी कुणाचा भाचा नव्हता काय, याबद्दल मला दाट शंका आहे. ज्यानं राजाच्या नोकरांना पैसे खाण्याचे चाळीस मार्ग मोजून दाखवले, तो काही शेजाऱ्यांवर विश्वासून बसला नसणार.

मंडईचं पुढे काय झालं? आचारसंहिता लागली. ती उठेपर्यंत दरसूची बदलली. दर बदलला म्हणून मूल्यांकन नव्यानं, मूल्यांकन नवं म्हणून ठराव नवा, ठराव नवा म्हणून प्रस्ताव पुन्हा शासनाकडे. गाळा नंबर चारच्या सूनबाईंनी मुलाला तराजू धरायला शिकवायला घेतलं आहे.

एवढ्या अनुभवानंतर माझी कीर्ती आमच्या बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीत पसरली. इमारतीला रंग द्यायचा होता. सर्वसाधारण सभा गच्चीवर भरली. सुरुवातीचा बराच वेळ नगरपालिकेत कसा भ्रष्टाचार माजला आहे यावर चर्चा झाली. मग अध्यक्ष म्हणाले, “आपलं काम पारदर्शक झालं पाहिजे. तीन कोटेशनं मागवू.” चिटणीसांनी खिशातून तिन्ही काढली. तिन्हींचं अक्षर एकच होतं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तेवढ्यात दाखवून दिलं, की तिन्हींत ‘डिस्टेंपर’ हा शब्द एकाच प्रकारे चुकलेला आहे. गोंधळ झाला. चिटणीस म्हणाले, “माझ्या साडूचा मुलगा प्रामाणिक आहे हो.” अध्यक्ष म्हणाले, “माझा पुतण्याही प्रामाणिकच आहे. त्याला का नाही विचारलं?” शेवटी ठरलं, की रीतसर निविदा काढायची आणि अटी गुरुजींनी लिहायच्या, कारण त्यांना यातलं कळतं आणि त्यांचा यात काही हितसंबंध नाही.

मी रात्री जागून अटी लिहिल्या. अगदी निःपक्षपातीपणे. एकच अट जरा तपशिलात गेली: ‘अर्जदारास स्मशानभूमीच्या शेडचा व मंडईच्या निविदेत तांत्रिक छाननीपर्यंत पोहोचल्याचा अनुभव असावा. कागदपत्रांना पृष्ठ क्रमांक नसल्यास हरकत नाही.’

पुढच्या सभेत अटी वाचल्या गेल्या. अध्यक्षांनी दुरुस्ती सुचवली, की अर्जदार याच गल्लीत राहणारा असावा. पुतण्या याच गल्लीत राहतो. चिटणीसांनी सुचवलं, की त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी असावी. साडूचा मुलगा दोन वर्षांपूर्वी पास झाला. काकू म्हणाल्या, “बारा वर्षं अनुभवही हवा.” त्यांच्या भाच्याला तेरा वर्षं झाली होती. कुणीच कुणाची दुरुस्ती फेटाळली नाही. सगळ्या एकमतानं मंजूर झाल्या. मग सर्व अटी एकत्र धरून पाहिलं, तेव्हा पुतण्या गेला, साडूचा मुलगा गेला, भाचा गेला आणि माझा मेहुणा तर पदवीपाशीच गळाला. अख्ख्या गावात सगळ्या अटींत बसणारा एकच माणूस निघाला. पदवीधर, अनुभवी, आमच्याच गल्लीत राहणारा, स्मशानभूमीच्या शेडवर देखरेख केलेला, मंडईच्या तांत्रिक छाननीत बसलेला. तो म्हणजे नगरपालिकेचे उपअभियंता.

आम्ही सगळे मिळून त्यांच्या घरी गेलो. ते रजेवर होते.